झाकल्या मुठीचा हिशेब

काव्य, नाटक व कादंबरी यांपलीकडे टीकाकाराचें काम नाहीं, असा एक समज आपणांकडे रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. कोणी कांहीं हेतु धरून लिहिलें आणि दुसऱ्या कोणीं त्यावर विसंबून आयुष्यांतील एखादा निर्णय केला, कीं तेथें टीकेस जागा आहे. मग तें लिखाण महाकाव्य असो, वा एखाद्या कचेरीचें जाहीर पत्रक असो. आज वाचकांपुढें ठेवावयाचा लेखनप्रकार या दुसऱ्या जातीचा आहे. अमेरिकेंतील महाविद्यालयें व विद्यापीठें आपल्या आवारांतील सुरक्षिततेचा व तेथें घडलेल्या गुन्ह्यांचा जो अहवाल कायद्याच्या आज्ञेनें दरवर्षीं १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करतात, त्याचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय दूरचा आहे असें कोणीं समजूं नये. पुणें, मुंबई, नागपूर येथील किती तरी मध्यम स्थितींतील कुटुंबांचीं मुलें आज उच्च शिक्षणासाठीं त्या देशीं जातात. मुलगी निघण्यापूर्वीं घरांत फीचा हिशेब होतो, थंडीच्या कपड्यांची खरेदी होते, जेवणाची सोय कशी याची दहा ठिकाणीं चौकशी होते. परंतु ज्या कागदावर त्या संस्थेनें आपल्याच आवारांतील खून, बलात्कार, घरफोडी व जाळपोळ यांचे आंकडे मांडलेले आहेत, तो कागद फार थोड्या घरांत उघडला जात असावा. आणि जो उघडतो त्यालाहि तो कसा वाचावा हें कोणी सांगत नाहीं. म्हणून हा प्रपंच.

या लेखनप्रकाराचें मूळ एका शोककथेंत आहे. पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील बेथलहेम या गांवीं लीहाय विद्यापीठ आहे. तेथें पहिल्या वर्षांत शिकणारी जीन क्लेरी ही एकोणीस वर्षांची मुलगी ५ एप्रिल १९८६ रोजीं वसतिगृहांतील आपल्या खोलींत झोपली असतां, त्याच विद्यापीठांतील एका अनोळखी विद्यार्थ्यानें आंत शिरून तिच्यावर बलात्कार केला व तिला ठार मारलें. आपोआप बंद होणारीं दारें कोणीं तरी सोईसाठीं उघडीं अडकवून ठेवलीं होतीं, त्यांतून तो आंत आला. खुन्यास शिक्षा झाली. पण कथेचें खरें मर्म त्या शिक्षेंत नाहीं. ज्या विद्यापीठांत जीनचे भाऊ शिकले होते तेथें तिला पाठविण्याचा आईबापांचा प्रथम विचार होता. तेथील एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचें कानीं आल्यावर तो विचार त्यांनीं सोडला, आणि लीहाय शांत व सुरक्षित दिसलें म्हणून तिला तेथें धाडलें. पुढें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें तें असें, कीं त्या शांत दिसणाऱ्या आवारांत मागील तीन वर्षांत ३८ हिंसक गुन्हे घडले होते, आणि त्यांतील एकाचीहि वार्ता त्यांना कोणीं दिली नव्हती. म्हणजे ज्या ठिकाणचा गुन्हा कळला तें ठिकाण त्यांनीं टाळलें, आणि ज्या ठिकाणचे गुन्हे कळले नाहींत तेथें मुलीला पाठविलें. या एका गोष्टींत पुढील सर्व विवेचनाचें बीज आहे.

“झाकली मूठ सव्वा लाखाची” ही म्हण आपण मराठी माणसें फार कौतुकानें वापरतों. संस्थांचें तर तें ब्रीदवाक्यच असतें. क्लेरी दांपत्यानें त्या मुठीवरच हात घातला. १९८७ सालीं त्यांनीं या कार्यासाठीं एक संस्था स्थापन केली; १९८८ सालीं पेन्सिल्व्हेनियांत व १९९० सालीं साऱ्या अमेरिकेसाठीं कायदा झाला. १९९८ सालीं त्या कायद्यास जीनचें नांव देण्यांत आलें. २००८ सालीं त्यांत तांतडीच्या इशाऱ्यांची तरतूद वाढली, २०१३ सालीं घरगुती हिंसा, प्रेमसंबंधांतील हिंसा व पाठलाग यांची नोंद आली, आणि डिसेंबर २०२४ मध्यें नवागतांच्या छळाची, म्हणजे आपण ज्यास रॅगिंग म्हणतों त्याची, भर पडली. कायद्याचें तत्त्व मोठें साधें आहे. सरकार संस्थेला अमुक इतकेच गुन्हे घडूं दे असें सांगत नाहीं; जें घडलें तें सांग, एवढेंच सांगतें. सरकारी मदतीचा पैसा घेणाऱ्या संस्थेनें तीन वर्षांचे आंकडे प्रसिद्ध करावेत, धोका चालू असेल तर वेळींच सूचना द्यावी, आणि पोलिस वा पहारा खातें असेल तर त्यानें गुन्ह्यांची नोंदवही रोजच्या रोज लिहून कोणाहि नागरिकास ती पाहूं द्यावी. याप्रमाणें वार्षिक अहवाल, तांतडीचा इशारा व रोजची नोंदवही असे तीन प्रकारचे गद्यलेखन या कायद्यानें जन्मास घातलें. त्यांची किंमत सारखी नाहीं, हें आम्हांस दाखवावयाचें आहे.

प्रथम अहवाल घेऊं. मोठ्या विद्यापीठाचा अहवाल शंभराहून अधिक पृष्ठांचा असणें ही सामान्य गोष्ट आहे. वाचक आंकडे पाहावयास येतो, पण त्याला धोरणांच्या व आश्वासनांच्या दाट झाडींतून वाट काढावी लागते. दोन विद्यापीठांचे अहवाल शेजारीं ठेवून वाचले, तर संस्थेचें नांव झांकल्यावर कोणता कोणाचा हें ओळखणें कठीण. कारण उघड आहे. कायद्यानें ज्या ज्या गोष्टी सांगावयास लावल्या त्या बहुतेक संस्थांनीं कायद्याच्याच शब्दांत उतरून काढल्या आहेत. आवारांतला कोणता रस्ता रात्रीं ओस पडतो, कोणत्या वसतिगृहाचें दार नीट लागत नाहीं, सुटीच्या दिवसांत पहारा कमी होतो कीं काय, अशा प्रकारचें एकहि वाक्य त्यांत सहसा आढळत नाहीं. ज्या उघड्या दारांतून जीन क्लेरीचा मारेकरी आला, तीं दारें तिच्या नांवच्या अहवालांत दिसूं नयेत, ही या वाङ्मयाची पहिली उणीव होय. लेखकानें वाचकाकडे पाठ व सरकारी तपासनिसाकडे तोंड करून लिहिलें, म्हणजे गद्य असेंच निर्जीव होतें.

आतां कोष्टकांकडे वळूं. कारण अहवालाचा आत्मा तेथें आहे. तीं भरण्याचे नियम समजून घेतल्यावांचून आंकड्यांचा अर्थ लागत नाहीं. पहिला नियम जागेचा. गुन्हा आवारांत घडला, आवाराबाहेरील पण संस्थेच्या ताब्यांतील इमारतींत घडला, किंवा आवारास लागून असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर घडला, तर त्याची गणना होते. दोन गल्ल्या पलीकडे विद्यार्थ्यांनीं भाड्यानें घेतलेल्या खासगी घरांत घडला, तर होत नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थी पुष्कळदां अशाच घरांत राहतात, हें त्या देशीं राहून आलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आपल्या इकडून पदव्युत्तर शिक्षणासाठीं गेलेले विद्यार्थीहि चारचौघे मिळून अशीच बिऱ्हाडें करतात. त्यांच्या दारावर काय घडतें याविषयीं अहवाल मुका आहे.

दुसरा नियम गुन्ह्याच्या जातीचा. घरफोडी मोजतात, लुटालूट मोजतात, मोटारीची चोरी मोजतात; परंतु साधी चोरी, वंशादि द्वेषानें केलेली नसेल तर, मोजीतच नाहींत. परिणाम मौजेचा होतो. वाचनालयांतून संगणक गेला, दारांतून सायकल गेली, तर कोष्टक गप्प. गोल्फच्या मैदानावरील छोटी गाडी गेली, तर मात्र मोटारचोरीच्या रकान्यांत एक अंक वाढतो. विद्यार्थ्याला ज्या उपद्रवाशीं रोज गांठ पडावयाची, तोच नेमका वगळलेला आहे.

तिसरा नियम श्रेष्ठ-कनिष्ठतेचा. एकाच प्रसंगीं अनेक गुन्हे घडले असतां त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच धरावा व बाकीचे सोडावेत, अशी ही रीत आहे. हिशेबनिसास ती सोईची असेल. पण तिचा एक परिणाम पाहण्यासारखा आहे. बलात्कार करून खून केला असतां, या रीतीप्रमाणें खून तेवढा उरे व बलात्कार हिशेबांतून नाहींसा होई. म्हणजे जीन क्लेरीवर जो दुहेरी अत्याचार झाला, त्याचा अर्धा भाग तिच्याच नांवच्या कायद्याच्या कोष्टकांत बसत नव्हता. हा दोष २०१३ च्या दुरुस्तीनंतर जे नियम झाले त्यांत काढून टाकण्यांत आला, आणि आतां दोन्ही नोंदी कराव्या लागतात. तरी मध्यें दोन तपांच्या आसपास काळ गेला. या सर्व नियमांचें स्पष्टीकरण करणारें जें सरकारी मार्गदर्शक पुस्तक २०१६ सालीं निघालें तें २६५ पृष्ठांचें होतें. २०२० सालीं तें मागें घेऊन त्याच्या जागीं अवघ्या तेरा पृष्ठांचें परिशिष्ट देण्यांत आलें. एकदां टीकेला मूळ ग्रंथाहून जड करावयाचें, आणि मग ती जवळजवळ पुसूनच टाकावयाची, असा हा प्रकार आहे.

परंतु या वाङ्मयांतील सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणता असें आम्हांस कोणीं विचारलें, तर आम्ही “शून्य” हा सांगूं. अमेरिकेंतील विदुषींच्या एका जुन्या राष्ट्रीय संस्थेनें २०१६ सालच्या आंकड्यांची छाननी केली. तींत सुमारें अकरा हजार आवारांपैकीं ८९ टक्के आवारांनीं त्या वर्षीं आपल्याकडे बलात्काराची एकहि तक्रार आली नाहीं असें लिहिल्याचें आढळलें. यांत वसतिगृहें नसलेल्या, धंदेशिक्षण देणाऱ्या लहान लहान शाळाहि आल्या, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. तथापि त्याच देशांतील ३३ मोठ्या विद्यापीठांत २०१९ सालीं विद्यार्थ्यांनाच नांव न घेतां विचारण्यांत आलें, तेव्हां पदवीपूर्व वर्गांतील सुमारें चौथा हिस्सा मुलींनीं, विद्यापीठांत आल्यापासून आपल्या अंगाशीं बळजबरीनें किंवा आपण शुद्धींत नसतां कोणीं तरी लगट केल्याचें सांगितलें. अशा पाहणींस उत्तर देणारे विद्यार्थी थोडे असतात; त्या पाहणींतहि ते पांचांत एकाच्या आसपासच होते; शिवाय तींत विचारलेला प्रश्न व कोष्टकांतील गुन्ह्याची व्याख्या यांत अंतर आहे. हे सर्व आक्षेप जमेस धरले, तरी एकीकडे शून्यांची ही रांग आणि दुसरीकडे ही कबुली यांचा मेळ बसत नाहीं.

याचें कारण असें, कीं कोष्टकांत घडलेला गुन्हा येत नसून सांगितलेला गुन्हा येतो. जेथें मुलीला तक्रार करण्यास धीर येतो, जेथें तिचें ऐकून घेणारें कोणी आहे, तेथें आंकडा चढतो, जेथें तिला प्रथम “त्या वेळीं तूं तेथें कशाला गेली होतीस?” असें विचारलें जातें, तेथें तो शून्यावर राहतो. इतकेंच नव्हे, तर गुन्हा ज्या वर्षीं घडला त्या वर्षाच्या नव्हे, ज्या वर्षीं कळविला त्या वर्षाच्या रकान्यांत मांडला जातो. ओहायो स्टेट विद्यापीठांतील एका डॉक्टरनें १९७८ ते १९९८ या वीस वर्षांच्या नोकरींत निदान १७७ विद्यार्थ्यांवर अत्याचार केल्याचें २०१९ सालच्या चौकशींत निष्पन्न झालें. तीं पापें उघडकीस आलीं तेव्हां त्यांची नोंद त्या विद्यापीठास अलीकडच्या वर्षांच्या कोष्टकांत करावी लागली. नियम ठाऊक नसलेल्या वाचकास वाटावें, कीं हें विद्यापीठ एकाएकीं किती भयंकर झालें! वस्तुतः तें भयंकर होतें तेव्हां त्याचें कोष्टक स्वच्छ होतें. मोठा आंकडा हा त्याच्या बोलूं लागण्याचा आंकडा आहे. तात्पर्य, या लेखनप्रकारांत खरें बोलणारा दुष्ट दिसतो व गप्प बसणारा साधु दिसतो. आणि आईबाप तर जीनच्या आईबापांप्रमाणेंच, ज्या ठिकाणचा गुन्हा कळला तें ठिकाण टाळतात. जी चूक सुधारण्यासाठीं कायदा झाला, तीच चूक करण्याची नवी सोय त्याच्या कोष्टकानें करून ठेविली आहे.

आतां दुसरा प्रकार, तांतडीचा इशारा. हा चार ओळींचा असतो, आणि शंभर पृष्ठांच्या अहवालाहून त्याचें मोल आम्हांस अधिक वाटतें. कारण अहवाल झालेल्या गोष्टी सांगतो, इशारा होऊं घातलेली गोष्ट टाळूं शकतो. येथें एकेका शब्दावर प्राण अवलंबून असतात. १६ एप्रिल २००७ रोजीं व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या वसतिगृहांत सकाळीं सव्वासातच्या सुमारास दोघांना गोळ्या घालण्यांत आल्या. विद्यार्थ्यांना पहिलें पत्र गेलें तें ९ वाजून २६ मिनिटांनीं. त्यांत गोळीबाराचा एक प्रसंग घडला आहे, पोलिस तपास करीत आहेत, सर्वांनीं सावध राहावें, इतकाच मजकूर होता. कोणी मेलें आहे हें त्यांत नव्हतें. मारणारा सांपडलेला नाहीं हेंहि नव्हतें. त्यानंतर पाव तासाच्या आंत तोच मारेकरी वर्गाच्या इमारतींत शिरला व त्यानें आणखी तीस जणांचे प्राण घेतले. मृतांत मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनी होती, व मूळचे तामीळनाडूचे एक प्राध्यापक होते. पहिला प्रकार खासगी भांडणाचा असावा असा पोलिसांचा त्या वेळीं ग्रह झाला होता, हें विसरून चालणार नाहीं. आणि पत्र लवकर जातें तर किती जण वाचते हें कोणी सांगूं शकणार नाहीं. पण त्या पत्राचें गद्य मात्र तपासतां येतें, आणि तें सदोष आहे असें आम्ही म्हणतों. सावध राहा असें सांगावयाचें आणि कशापासून तें सांगावयाचें नाहीं, याला इशारा म्हणत नाहींत.

याहून वाईट उदाहरण ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाचें आहे. डिसेंबर २००६ मध्यें तेथील एक विद्यार्थिनी वसतिगृहांतील खोलींत मृत आढळली. घातपाताचा संशय घेण्यास कारण नाहीं, असें विद्यापीठानें जाहीर केलें. मुलीच्या आईबापांचीहि तीच समजूत राहिली. सुमारें दहा आठवड्यांनीं त्याच विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यास तिच्यावरील अत्याचार व खून या आरोपांखालीं पकडलें, तेव्हां आपण संशयित खुन्याच्या शेजारीं दोन महिने राहत होतों हें इतर मुलींना कळलें. पुढें विद्यापीठाच्या अध्यक्षांस जावें लागलें व साडेतीन लाख डॉलर दंड भरावा लागला. येथें शब्द अपुरे नव्हते. ते धीर देणारे होते, आणि खोटे होते.

आपल्या भाषेंतहि या जातीचे शब्द भरपूर आहेत, म्हणून अमेरिकेस हंसण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं. मोर्चा, मिरवणूक वा निवडणूक झाली कीं “कोठेंहि अनुचित प्रकार घडला नाहीं” हें वाक्य ठरलेलें. हा “अनुचित प्रकार” म्हणजे दगडफेक, कीं सुरा, कीं मुलींची छेड, हें कोणास विचारावें? बलात्काराला आपलीं वर्तमानपत्रें वर्षानुवर्षें “अतिप्रसंग” म्हणत आलीं. जणूं एखाद्या सभ्य प्रसंगाचें प्रमाण थोडें अधिक झालें! आणि “विनयभंग” या शब्दांत तर भंग पावतो तो स्त्रीचा विनय. अपराध्याचा विनय पूर्वींच गेलेला असतो, त्याची वाच्यता नाहीं. असे शब्द आपण सभ्यतेसाठीं योजिले असें म्हणतों. परंतु त्या सभ्यतेचा लाभ कोणास होतो हें एकदां तपासून पाहिलें पाहिजे. झांकलेला शब्द जखमी माणसाची लाज झांकतो असें वाटतें. प्रत्यक्षांत तो पुष्कळदां जखम करणाऱ्याला व त्या जागेच्या धन्याला झांकतो.

उलट बाजूचा दोषहि सांगणें प्राप्त आहे. दंडाच्या भयानें कांहीं संस्था आतां बारीकसारीक गोष्टींचीहि पत्रें पाठवितात, आणि “लांडगा आला रे आला” या गोष्टींतील गांवकऱ्यांप्रमाणें विद्यार्थी तीं न वाचतांच पुसून टाकतात. दुसरें असें, कीं “उंच, काळा तरुण” एवढेंच वर्णन देऊन पाठविलेल्या सूचनेनें आवारांतील प्रत्येक काळा विद्यार्थी संशयित ठरतो. तें ध्यानांत आल्यावर कांहीं विद्यापीठांनीं, ओळख पटण्याजोगा इतर तपशील असल्यावांचून वंशाचा उल्लेख करावयाचा नाहीं, असा नियम केला. तो योग्यच आहे. थोडक्यांत, खरें सांगावें, वेळेवर सांगावें, आणि निरपराध्यावर शिंतोडा उडणार नाहीं असें सांगावें, ही या चार ओळींच्या गद्याची कसोटी आहे. आणि ती पुष्कळ मोठ्या लेखकांनाहि कठीण जाईल.

सरकार या लेखनाचें परीक्षण करतें. पण तें परीक्षण फार उशिरां येतें. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठास २०१६ सालीं सुमारें २४ लाख डॉलर, मिशिगन स्टेट विद्यापीठास २०१९ सालीं ४५ लाख डॉलर, आणि व्हर्जिनियांतील लिबर्टी विद्यापीठास २०२४ सालीं १ कोटि ४० लाख डॉलर असे दंड झाले. रकमा चढत गेल्या, ही गोष्ट चांगली. परंतु ज्या विद्यार्थ्यांपासून सत्य लपविलें ते तोंवर पदव्या घेऊन निघून गेलेले असतात, आणि ज्यांनीं लपविलें ते पुष्कळदां जागेवर नसतात.

आणि आपल्याकडे काय? येथें आम्ही स्वतः या धंद्यांतले असल्यामुळें थोडें स्पष्ट बोलूं. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रानें १९९९ सालींच कायदा केला. विद्यापीठ अनुदान मंडळाचे त्याविषयींचे नियम २००९ सालीं आले. स्त्रियांच्या लैंगिक छळाविषयीं २०१३ चा कायदा आहे, व त्याला अनुसरून मंडळाचे २०१५ चे नियम आहेत. संस्थेनें दरवर्षीं किती तक्रारी आल्या व त्यांचें काय झालें हें मंडळास कळवावें, अशी त्यांत आज्ञा आहे. म्हणजे सांगण्याचें कर्तव्य आपल्याकडेहि आहे. पण तें वरच्या कचेरीस सांगण्याचें आहे. प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या बापाच्या हातांत प्रत्येक आवाराचा सर्व प्रकारच्या गुन्ह्यांचा तीन वर्षांचा हिशेब पडावा, अशी अमेरिकेच्या धर्तीची सक्ति आपल्याकडे नाहीं. गुन्ह्यांचे राष्ट्रीय आंकडे राज्यवार व शहरवार निघतात; त्यांतून एखाद्या महाविद्यालयाचा कांहींच बोध होत नाहीं. आमच्या संस्थांचीं माहितीपुस्तकें निकालांच्या टक्केवारीनें, क्रीडांगणाच्या व नोकऱ्या मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांनीं भरलेलीं असतात. एखादी अप्रिय गोष्ट घडली कीं चर्चा सुरू होते ती “संस्थेच्या नांवाला” धक्का लागेल कीं काय याची. हें नांव म्हणजे काय, तें कोणी मिळविलें, आणि कोणाच्या मौनावर तें टिकलें आहे, हे प्रश्न अध्यापकांनीं तरी स्वतःस विचारावेत असें आम्हांस वाटतें. अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा उचलावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्याचे दोष आम्हीं वर दाखविलेच आहेत. परंतु आपल्या संस्थांनीं ज्या तक्रारी वर कळवावयाच्याच आहेत, त्यांची संख्या नांवें वगळून आपल्या फलकावर लावण्यास कोणता नियम आड येतो?

राहिली तिसऱ्या प्रकारची गोष्ट, रोजच्या नोंदवहीची. आणि आमच्या मतें या त्रयींत सर्वांत प्रामाणिक तीच आहे. तींत अलंकार नाहीं, आश्वासन नाहीं. गुन्हा कोणता, कोठें, केव्हां घडला, केव्हां कळला व त्याचें पुढें काय झालें, एवढें दोन कामकाजाच्या दिवसांत लिहावें लागतें, आणि मागील साठ दिवसांचीं पानें कोणालाहि पाहावयास खुलीं ठेवावीं लागतात. वार्षिक कोष्टकांतून गळालेली सायकल, संगणक, खिशांतलें पाकीट, हीं सर्व येथें आढळतात. जिची बढाई कोणी मारीत नाहीं अशी ही वही पुष्कळ संस्थांनीं आतां संगणकावर घरबसल्या वाचतां येईल अशी ठेविली आहे.

म्हणून ज्या घरांतून मुलगी वा मुलगा त्या देशीं निघाला असेल त्यांस आमचें सांगणें असें. अहवालाचीं पहिलीं पृष्ठें ओलांडून कोष्टकें काढावींत. आंकडा मोठा दिसला म्हणून दचकूं नये, व शून्य दिसलें म्हणून निश्चिंत होऊं नये. हजारों मुलें वसतिगृहांत राहणाऱ्या आवाराच्या तीनहि वर्षांच्या रकान्यांत शून्यच असेल, तर तेथें तक्रार कोणाकडे करावयाची, हें पत्र पाठवून विचारावें, व उत्तर किती दिवसांनीं व कोणत्या भाषेंत येतें तें पाहावें. पोलिसांनीं निराधार ठरविलेल्या तक्रारींची संख्या अहवालांत वेगळी द्यावी लागते, तीहि पाहावी. मग रोजच्या नोंदवहीचा एक महिना वाचावा. मूल आवाराबाहेर राहणार असेल, तर त्या गल्लीची माहिती शहराच्या पोलिसांकडून घ्यावी, कारण अहवाल ती देणार नाहीं. हें सर्व करण्यास एक संध्याकाळ पुरते. बॅग भरण्यास याहून अधिक वेळ लागतो.

ग्रंथ म्हणून पाहिलें तर हे वार्षिक अहवाल रूक्ष, लांबट व पुनरुक्तीनें भरलेले आहेत, आणि त्यांच्या कोष्टकांत नियमांनींच भोंकें पाडलेलीं आहेत. तरीहि ते लिहिले जातात हें आम्ही मोठें भाग्य समजतों. अपुऱ्या हिशेबांतील चूक दाखवितां येते, ती सुधारतांहि येते, जशी त्या दुहेरी अत्याचाराच्या नोंदीची सुधारली. हिशेबच नसेल तेथें चूकहि सांपडत नाहीं. अमेरिकेंत एका आईबापानें ती मूठ अर्धवट तरी उघडविली. आपल्या इकडे ती अद्याप मिटलेलीच आहे, आणि तिच्यांत सव्वा लाख आहेत असें आपण धरून चाललों आहों.